लक्ष ठेवायचा हंगाम

कापसाच्या पऱ्हाटीला पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्या की मला घरात बसवत नाही. तीस वर्षांची सवय आहे. भाद्रपदातलं चिकट ऊन, कमरेपर्यंत आलेल्या झाडांतून येणारा ओलसर, हिरवा वास, पानांमागे दडलेली पहिली पिवळी फुलं आणि बांधाबांधाने लटकणारे कामगंध सापळे. मादी पतंगाच्या वासाची एक बारीकशी गोळी आणि तिच्याखाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. नर येतो, भुलतो, पिशवीत पडतो. सकाळी जाऊन ते पतंग मोजायचे. कृषी सहायक म्हणून आयुष्यभर काय केलंत असं कुणी विचारलं तर मला पटकन दुसरं काही आठवणार नाही. पतंग मोजले, आणि दोन अळ्या दिसल्या की फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या लोकांना सांगत फिरलो, थांबा. आधी मोजा.

यंदाही फुलं लागली आहेत, पण यंदा मोजणी माझीच चालू आहे. उन्हाळ्यात रक्ताच्या तपासणीत पीएसएचा आकडा जास्त आला. मग एमआरआय झाला. मग नागपूरच्या डॉक्टरांनी सुईने प्रोस्टेटमधून बारा तुकडे काढले आणि त्यांतल्या दोनांत कॅन्सर निघाला. मूत्राशयाच्या खाली असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. छप्पन्न वर्षं ती माझ्यासोबत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा सगळ्यात मंद जातीचा आहे, बाहेर कुठे गेलेला नाही, लगेच कापायची गरज नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासू, वर्षभराने पुन्हा तुकडे घेऊ, मधे वाटलं तर एमआरआय करू. बदल दिसला तर ऑपरेशन आहे, किरणं आहेत, वेळ हातची जाणार नाही. तोवर नीट लक्ष ठेवायचं.

मी मान हलवत होतो आणि पाठीवरून घाम वाहत होता. कारण हीच वाक्यं, जवळजवळ याच क्रमाने, सहा वर्षांपूर्वी मी ऐकली होती. ती माझ्या मोठ्या भावासाठी होती, दादासाठी. दादापर्यंत ती मी पोचू दिली नाहीत. त्याला आजही वाटतं की त्याच्यापुढे ऑपरेशनशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

लिहून टाकलं. सहा वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कागदावर दोन ओळींत मावलं, याचंच नवल वाटतं.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मारेगाव तालुक्यात आमचं गाव, तिथे तो आणि वहिनी शेती बघतात. मी नोकरीपायी यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला घर केलं. त्या वर्षी तालुक्यात गुलाबी बोंडअळीचा धसका होता आणि माझ्या शेतीशाळेचं प्रात्यक्षिक दादाच्याच शेतात होतं. तो हंगाम मला वासासकट आठवतो. चहूकडून पंपांची घरघर, वाऱ्यावर येणारी औषधाची उग्र झुळूक, जीभ कडू व्हायची. आणि मधे दादाचं सहा एकर, गप्प. पंधरा-वीस माणसं कडुलिंबाखाली पोत्यांवर बसलेली, मी उभा राहून सांगतोय की वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची, दोनात जिवंत अळी निघाली तर फवारा, नाहीतर हात आवरा. मागून शेजारचा गजानन म्हणाला, "साहेब, तुमच्या पगाराले अळी लागत नाई. म्हून तुमाले थांबता येते."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले. दादाने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "त्याचा पगार सोड बे. पऱ्हाटी तं मायी हाय ना? मी थांबून राह्यलो."

आणि तो खरंच थांबला. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजून मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचा. दर आठवड्याला पोत्यावर मांडी घालून वीस बोंडं अंगठ्याने फोडायचा, एकेक पाकळी नाकाशी नेऊन बघायचा. कधी एकात सापडायची. मी विचारायचो, दादा, भीती नाही वाटत? तो म्हणायचा, वाटते ना, म्हणून तर रोज बघतो. त्या वर्षी त्याने एकच फवारा मारला, तोही आकडा ओलांडल्यावर. एवढी नीट वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच माझी चूक अजाणतेपणी झाली असं मला म्हणता येत नाही.

त्याच हंगामात त्याला वारंवार लघवीला जावं लागत होतं. बांधावरून उठायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. मीच मागे लागून तपासण्या करवल्या आणि निकालाच्या दिवशी त्याला आणि वहिनीला नागपूरला घेऊन गेलो. दोन दिवस सापळे कोण मोजणार याचीच त्याला जास्त काळजी होती.

आमच्याकडे एक रीत आहे. दवाखान्यात पेशंट बाहेर बसतो आणि घरातला शिकलेला माणूस आत जातो. कुणी ठरवलेलं नसतं, कुणाला वावगंही वाटत नाही. शिकलेला आतून येतो, जेवढं सांगायचं तेवढं सांगतो, उरलेलं गिळतो. मीही तसाच गेलो. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठे आहेत? म्हटलं, बाहेर आहेत, तुम्ही मला सांगा. त्यांनी सांगितलं. बारातल्या एकाच तुकड्यात कॅन्सर होता. मंद जातीचा होता. लक्ष ठेवून थांबता येईल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ऑपरेशन केलं तर काय काय होऊ शकतं, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, संसारातलं बाकीचंही जाऊ शकतं, तेही सांगितलं. मग म्हणाले, त्यांना आत बोलवा, हे त्यांनी ठरवायचं आहे.

मी म्हणालो, साहेब, खेड्यातला माणूस आहे, घाबरून जाईल. मी समजावतो.

रोज सकाळी स्वतःच्या सहा एकरांची भीती मोजणाऱ्या माणसाला मी घाबरट ठरवलं.

बाहेर बाकावर वहिनीने डबा उघडला होता. पोळी आणि ठेचा. दादाने माझ्यासाठी जागा केली आणि विचारलं, "काय म्हंते डाक्टर?"

"काढा लागते, दादा. दुसरा इलाज नाई."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांत बोंडांचा हिरवा डाग होता. "तुले बराबर वाटते ना?"

"हो."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि पोळीचा तुकडा मोडून माझ्यापुढे केला. महिनाभराने ऑपरेशनच्या कागदावर मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

का केलं मी असं? याची उत्तरं मी इतक्या वेळा तयार केली आहेत की आता ती पाठ झाली आहेत. एक उत्तर बाबांचं आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन बाबांच्या गालात पांढरा चट्टा आला होता. गावातले डॉक्टर म्हणाले होते, बघू. आठ महिने बघितलं. मग बघायला काही उरलं नाही. तेव्हापासून 'बघू' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला की मला तो पांढरा चट्टा दिसतो. नागपूरचे डॉक्टर 'लक्ष ठेवू' म्हणाले आणि मला 'बघू'च ऐकू आलं. एकाने न तपासता म्हटलं होतं आणि दुसऱ्याने सगळं तपासून, पुढच्या तारखा ठरवून म्हटलं होतं, हा फरक मला कळत नव्हता असं नाही. शेतातला असा फरक समजावून सांगायचा मी पगार घेत होतो.

दुसरं उत्तर कमी शोभणारं आहे. मला भावाचं मरण दिसत होतं हे खरं, पण त्याहून स्पष्ट दिसत होतं ते त्यानंतरचं. पुढे काही झालंच असतं तर गाव मला विचारणार होतं, तू शिकलेला ना, मग हातावर हात देऊन काय बसला होतास? ऑपरेशन करून माणूस गेला तर नशीब म्हणतात. न करता गेला तर दोष भावाचा म्हणतात. मी नशिबाच्या बाजूने गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांची काही चूक नव्हती, त्यांनी जे होऊ शकतं म्हणून सांगितलं होतं त्यातलंच झालं. पुष्कळांचा ताबा काही महिन्यांत परत येतो. दादाचा अर्धा आला. खोकला आला, ओझं उचललं, खदखदून हसू आलं की कपडे ओले होतात. दादाचं हसणं गावात प्रसिद्ध होतं, तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. आता कुणी विनोद सांगायला लागला की दादाच्या चेहऱ्यावर एक घाई येते. तो आधी जागा शोधतो, खाली बसून घेतो, मांड्या आवळतो, आणि मग हसतो, ओठ मिटून. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो होतो.

एसटीने प्रवास त्याने सोडला. मंगळवारचा बाजार सोडला. पांढरं धोतर जाऊन गडद पँट आली. लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली घेऊन वाकत वाकत वाढणारा पहिला माणूस तो असायचा. भाच्याच्या लग्नात तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, हात मागे बांधून, पंगतीकडे बघत. तेवढ्यात एका वयस्कर पाहुण्याने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. म्हणाला, भाऊ असावा तं असा, मरणातून काढलं यानं त्याले. मी हात जोडले. लाजल्यासारखं केलं. दादा खांबापासून म्हणाला, खरं हाय. आणि नवरा-बायकोत जे असतं त्याचं काय झालं, ते तर मी विचारूही शकत नाही. वहिनी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, जेवताना आग्रह करते.

आता पुन्हा भाद्रपद आहे आणि मला कुठेच चैन पडत नाही. लघवीला गेलो की मनात नोंद होते, सकाळपासून कितवी. रिपोर्टची फाइल कपाटात ठेवतो, काढतो, परत ठेवतो, जणू मधल्या वेळात आकडा बदलला असेल. मागच्या आठवड्यात झरी जामणीकडे एका लवकर पेरलेल्या शेतावर गेलो होतो. बोंडं फोडायला बसलो आणि फोडतच राहिलो. शेवटी तो शेतकरी म्हणाला, साहेब, वीसच म्हणता ना नेहमी? माझ्यापुढे तीसएक फोडलेल्या बोंडांचा ढीग पडला होता आणि त्याचं तेवढं नुकसान मी करून बसलो होतो. लोकांना थांबा म्हणताना मला वाटायचं, थांबणं म्हणजे हात सोडून बसणं, त्यात काय एवढं. आता कळतं की ते रोजचं काम आहे आणि ते अंगातूनच करावं लागतं. शेतात निदान बोंड फोडून अळी डोळ्यांनी बघता येते. इथे सहा महिने एका आकड्याच्या भरवशावर काढायचे.

पण खरी तगमग ही नाही. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, मला थांबायचं आहे. तगमग अशी की मला कुणी थांबू देत नाही, आणि त्यांच्या हातात पुरावा म्हणून दादा आहे. बायको म्हणते, दादांचं तुम्हीच धावपळ करून काढवलंत, सहा वर्षं झाली, माणूस समोर आहे, मग स्वतःच्या वेळी हे नवीन काय शोधलंत? मी म्हणतो, डॉक्टर तसं म्हणाले. ती म्हणते, दादांच्या डॉक्टरांनी का नाही म्हटलं मग? मी पाणी प्यायला उठतो.

आणि दादाचा फोन. दर दोन दिवसांनी. "सीतादहीच्या आधी आटपून टाक," तो म्हणतो. कापसाच्या पहिल्या वेचाईआधी शेतात दहीभात शिंपडतात, ती सीतादही. म्हणजे तोवर करून घे, मग कामाची गर्दी होते, मग त्याला दवाखान्यात येऊन राहता येणार नाही. तो एसटीत बसणार आहे माझ्यासाठी. वहिनी म्हणाली आहे की भाऊजींचं सगळं मी करीन, मला आता सवय आहे. "घाबरू नको," तो म्हणतो, "पयले सहा महिने बेकार जाते. मंग माणूस शिकते. मी सांगतो ना तुले, कसं कसं करा लागते ते."

मी ज्याचं नुकसान केलं तो माणूस त्या नुकसानीतून मिळालेलं ज्ञान मला प्रेमाने देऊ करतो आहे. आणि मी गप्प राहून थांबलो तर? एक दिवस त्याला कळेलच की धाकट्याला थांबता येतं. मग तो विचारेल, मला काहून नाही आलं? किंवा मी ऑपरेशन करून घेईन, निव्वळ तो प्रश्न येऊ नये म्हणून. हेही माझ्या मनात येऊन गेलं, एकदा नाही, पुष्कळदा. एक खोटं झाकायला स्वतःचं अंग कापून द्यायचं. त्यात प्रायश्चित्ताचा वास येतो, म्हणून जास्त ओढ वाटते.

हे इथवर लिहिलं आणि रविवारी वणीची गाडी धरली. करंजीच्या फाट्यापर्यंत ठरवत होतो की सांगायचं. पुढे मारेगावपर्यंत ठरवत होतो की आज नको. गावात उतरलो तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं आणि पाय मात्र शेताकडे चालले होते.

दादा बांधाच्या कडेला एक फूल उलटून बघत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, तारीख घेतली वाटते. मी म्हणालो, "दादा, तुया वेळी डाक्टरनं थांबा म्हटलं होतं."

त्याने फूल सोडलं नाही. "कवा?"

"त्या दिवशी. मी एकटाच आत गेलतो तवा."

"काय म्हटलं होतं? बराबर सांग."

मी सांगितलं. एकच तुकडा, मंद जात, सहा महिन्यांनी रक्त, वाढलं तर मग ऑपरेशन. सगळं तसंच्या तसं आठवत होतं, त्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजासकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणखी एकडाव सांग."

पहिल्यांदा सांगताना मी एक वाक्य गाळलं होतं. सहा वर्षांनी कबुली द्यायला गेलो आणि तिथेही गाळलं. दुसऱ्यांदा तेही सांगितलं, की डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आत बोलवा.

"म्हंजे मले बलावलं होतं."

"हो."

"अन् तू नाई म्हटलं."

"हो."

दूर कुणाच्यातरी शेतात पंप सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. दादा बांधावर बसला. त्याने मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. मी उभाच होतो, सरकारी माणसासारखा, हात पुढे बांधून. तो बोलला ते पऱ्हाटीकडे बघून. "मी थांबलो असतो बे." मग म्हणाला, "का नसतोही थांबलो. कोण सांगावं. तवा मलेही बाबा आठवले असते. पण मले इचारा लागत होतं."

मी काही बोलायला गेलो तर त्याने हात वर केला.

"तू आता कापू नको. डाक्टर म्हंते तसं कर, तारखा चुकवू नको. तुया बायकोशी मी बोलतो." त्याने पँटवरची माती झटकली. "अन् घरी जाय. हे तुया वहिनीले सांग. मी नाई सांगणार तिले. तूच सांग, जसं मले सांगतलं तसं. दुसऱ्या डावाले सांगतलं, ते सारं."

घरी वहिनी समोर नव्हती. हाक मारली तर मागून ओ आली. स्वयंपाकघरातून मागच्या दाराने मी परसात गेलो. सहा वर्षांत या बाजूला कधी आलो नव्हतो, आलेला पाहुणा इथे येत नाही. भिंतीलगत दोरी होती. दोरीवर एक जुनं लुगडं पसरलेलं, आणि वाटेवरून कुणाला दिसू नयेत म्हणून त्याच्या आड, एकाला एक लागून, सुती कापडाचे पांढरे तुकडे वाळत होते. वहिनी टोपलं घेऊन उभी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं, ते गाळलेलं वाक्यही. ती माझ्याकडे वळली नाही, लुगड्याची एक कड दोन्ही हातांत धरून तशीच ऐकत राहिली.

"झालं सांगून?"

"हो."

तिने लुगडं ओढून काढलं आणि टोपलं माझ्या पायाशी ठेवलं. "मंग ते काढा. वाळले असन."

मी काढू लागलो. धुऊन धुऊन कापड इतकं विरलं होतं की उन्हात पलीकडची भिंत दिसत होती. एकेकाची घडी घालून टोपल्यात ठेवत होतो. तीन-चार झाल्यावर तिने वाकून वरची घडी उचलली, उलगडली आणि परत माझ्या हातात दिली.

"तशी नाई, भाऊजी. चौकोनी घाला. कोपरा राह्यला तं त्याइले टोचते."

मी कोपरे जुळवले आणि पुन्हा घडी घातली. दोरीवर अजून बरेच होते.